रोजचा लोकलचा प्रवास कमी करायला कामाजवळ राहायला जाताय? आधी हे सगळं करा

डोंबिवलीहून मुंबईतल्या बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाणारा माणूस जलद लोकलमध्ये चाळीस-पंचेचाळीस मिनिटंच असतो. तरीही साडेसातला घर सोडलं तर ऑफिसच्या खुर्चीत बसायला सव्वानऊ वाजतात. उरलेला तास जातो घराखाली रिक्षाची वाट बघण्यात, पुलावरच्या गर्दीत, भरून आलेल्या दोन गाड्या सोडून देण्यात आणि कुर्ला पश्चिमेला शेअर रिक्षाच्या रांगेत. त्यामुळे कामाजवळ घर शोधताना नकाशावरचे किलोमीटर मोजू नका. रोज किती वेळा वाहन बदलावं लागतं आणि प्रत्येक बदलीला किती वेळ उभं राहावं लागतं, ते मोजा. पुढचं सगळं याच हिशेबावर उभं आहे.

पहिले दोन आठवडे: घड्याळ आणि कागद

घर शोधायला लागण्याआधी दहा कामाचे दिवस नोंद ठेवा. सहा वेळा लिहायच्या: घराचं दार, स्टेशनचा जिना, गाडी सुटली, गाडीतून उतरलो, शेवटच्या वाहनात बसलो, ऑफिसचं गेट. परत येतानाही तेच. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण अंदाजाने संध्याकाळी भरू नका, त्या त्या जागी लिहा.

दहा दिवसांनी दोन गोष्टी दिसतील. पहिली, सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो. अनेकांच्या बाबतीत तो गाडीत जात नाही, दोन्ही टोकांना जातो. तसं असेल तर घर न बदलता काही सुटतं का ते आधी बघा: घरापासून स्टेशनपर्यंत सायकल किंवा दुचाकी, उतरायचं स्टेशन बदलणं, ऑफिसला सांगून वेळ तासभर अलीकडे किंवा पलीकडे घेणं. सकाळी सातची गाडी आणि साडेआठची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्यात वाईट दिवस. सरासरी दीड तास आली तरी माणूस घरातून निघतो तो पावणेदोन तासांच्या हिशेबाने, कारण उशीर झालेला चालत नाही. म्हणून पुढच्या गणितात सरासरी धरू नका, वाईट दिवसाचा आकडा धरा.

ऑफिसचीही चौकशी करा. नवीन नोकरीत प्रोबेशन चालू असेल, कंपनी जागा बदलणार अशी कुजबुज असेल किंवा तुमचं प्रोजेक्ट दोन महिन्यांत संपत असेल, तर थांबा.

एका तासाची किंमत काढा

आता पैशाचं गणित. समजा डोंबिवलीत स्वतःचा वन बीएचके आहे. तो भाड्याने देऊन घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात भाड्याने राहायचं. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

नव्या घराचं भाडं ३२,०००, जुन्या घराचं येणारं भाडं १३,०००. फरक १९,०००. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि तिथेच चुकतात. दलाली एक महिन्याचं भाडं, म्हणजे ३२,००० भागिले कराराचे ११ महिने, दरमहा २,९०९. सामान हलवायला आणि किरकोळ दुरुस्तीला १३,२००, म्हणजे दरमहा १,२००. दीड लाख डिपॉझिट अडकलं, त्यावर ६ टक्क्यांनी बुडालेलं व्याज दरमहा ७५०. जुन्या सोसायटीचे ना-वापर शुल्क (स्वतः न राहता घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते) सुमारे २००. रिक्षा आणि पासाचे वाचलेले २,५०० वजा करा. निव्वळ जादा खर्च दरमहा २१,५५९ रुपये.

आता वेळ. आधी एका बाजूला पावणेदोन तास, नंतर पाऊण तास. रोज दोन तास वाचले, २२ दिवसांचे ४४ तास. म्हणजे वाचलेला एक तास ४९० रुपयांना पडला. तो परवडतो की नाही हे तुमच्या पगारावर आणि घरातल्या गरजेवर ठरेल. तान्हं बाळ किंवा आजारी आई घरी असेल तर तासाला ४९० हा स्वस्त सौदा वाटू शकतो.

पण घर एकट्याचं नसतं. नवरा-बायको दोघांचेही रोज दोन-दोन तास वाचत असतील तर तोच तास २४५ रुपयांना पडतो. उलट एकाचे दोन तास वाचले आणि दुसऱ्याचा प्रवास दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास वाढला, तर महिन्याला निव्वळ २२ तासच हाती लागतात आणि एक तास ९८० रुपयांना जातो. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असेल तर महिन्याला २६ तास वाचतात आणि भाव आठशेच्या वर जातो. हे गणित घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांनी एकत्र बसून करा. बाईच्या नोकरीचा प्रवास वाढला तरी ‘तिचं काय, जमेल’ असं गृहीत धरून घर ठरवलं जातं, आणि सहा महिन्यांत ती नोकरी सोडायच्या गोष्टी करू लागते. हे टाळायला कागदावर दोन रकाने पुरतात.

करातला एक मुद्दा. घरभाडे भत्त्यावरची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या करप्रणालीत मिळत नाही. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर ऑफिस घरमालकाचा पॅन मागतं, तो करार करतानाच घेऊन ठेवा. जुन्या घराचं येणारं भाडं तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते.

परिसर निवडताना लाइन बघा

सरळ एका गाडीने बारा किलोमीटर जाणं हे दोन बदल्या करून पाच किलोमीटर जाण्यापेक्षा बहुधा सोपं जातं. अंधेरी पूर्वेच्या ऑफिससाठी घाटकोपर चांगलं, कारण मेट्रो १ तिथूनच सुटते आणि सुरुवातीच्या स्टेशनावर चढायला मिळतं. दहिसर, कांदिवली, मालाड या भागातून अंधेरीला यायला मेट्रो २ए आणि ७ आहेत. त्या डी. एन. नगर आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर मेट्रो १ला जोडतात. बीकेसी, वरळी आणि दक्षिण मुंबईसाठी मेट्रो ३ आहे. आरे ते कफ परेड हा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि मरोळ नाक्याला तो मेट्रो १ला मिळतो. त्यामुळे पूर्वी ‘बीकेसीसाठी कुर्ला नाहीतर वांद्रे’ असं जे समीकरण होतं, त्यात आता मरोळ, सांताक्रूझ, दादर, शीतलादेवी हे पर्यायही आले. ऐरोली, घणसोली, महापे भागात काम असेल तर ठाणे-वाशी मार्गावरच घर बघा. ठाण्याला गाडी बदलणं वाचलं की अर्धी दमछाक वाचते.

मध्य रेल्वेवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलुंड-भांडुपला राहायला गेलं म्हणजे जलद गाडी मिळेल असं धरून चालू नका. सकाळची जलद गाडी कल्याण-डोंबिवलीलाच भरून येते, मुलुंडला दारात पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या माणसाचा खरा आधार म्हणजे ठाण्याहून सुटणारी धिमी लोकल. विक्रोळी, कांजूरमार्ग, नाहूर अशा स्टेशनांच्या आसपास घर बघताना धिम्या गाडीचीच वेळ धरा. कुर्ला किंवा दादरपर्यंतच जायचं असेल तर धिम्या-जलदचा फरक दहा-पंधरा मिनिटांचा असतो. सीएसएमटीपर्यंत जाणाऱ्याला तो जाणवतो.

आणि पाऊस. अंधेरी सबवे आणि मिलन सबवे जोराच्या पावसात बंद होतात. घर पश्चिमेला आणि ऑफिस पूर्वेला असेल तर दोन किलोमीटरचा रस्ता तासाभराचा होतो. हिंदमाता, सायनचं गांधी मार्केट इथे पाणी तुंबतं, कुर्ला-सायन आणि चुनाभट्टीजवळ रुळांवर पाणी येतं. सबवे किंवा सखल रस्ता न ओलांडता ऑफिसला पोहोचता येत असेल तर त्या घराला दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

टोकन देण्याआधी प्रवास करून बघा

परिसर नक्की झाला की घर बघायच्या आधी तिथून ऑफिसला दोनदा जा. एक सोमवार, एक मधला वार. रविवारी मुळीच नको: गर्दी नसते, आणि मेगाब्लॉक असला तर उलटाच अंदाज येतो. सकाळी त्या स्टेशनावर नेहमीच्या वेळेला उभे राहा आणि खरोखर गाडीत चढा. संध्याकाळी ऑफिस सुटतं त्याच वेळी परत या, आणि स्टेशनपासून त्या इमारतीपर्यंत चालत जा. जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणजे रिक्षाने, रस्ता रिकामा असताना. चालताना पूल कुठल्या टोकाला आहे ते बघा. तीनशे मीटरच्या फलाटाचं दुसरं टोक म्हणजे रोज चार-पाच मिनिटं. रात्री नऊनंतर रस्त्यावर दिवे आहेत का, रिक्षावाले तिकडे यायला तयार होतात का, हेही त्याच फेरीत कळतं.

घर बघताना: पाणी आधी, फरशी नंतर

फरशी, मॉड्युलर किचन, बाल्कनी हे दलाल दाखवतोच. तुम्ही पाण्याची वेळ विचारा, आणि ती दलालाला नाही तर वॉचमनला आणि त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांना. मग पाणी येतं त्या वेळी पुन्हा एकदा घरी जा. स्वयंपाकघरातल्या नळाखाली पंधरा लिटरची बादली लावा आणि मोबाइलवर वेळ मोजा. दीड-दोन मिनिटांत भरली तर ठीक. चार-पाच मिनिटं लागत असतील तर सकाळच्या घाईत एक जण आंघोळीला गेला की ओट्यावर धार उरणार नाही. शॉवरचा नळ आणि बेसिनचा नळ एकाच वेळी सोडून पाहा. उन्हाळ्यात टँकर येतो का आणि त्याचे पैसे देखभाल खर्चात आहेत की वेगळे, ते विचारा.

वरच्या मजल्यावरचं घर असेल तर छताचे कोपरे, पंख्याच्या कडीभोवतीची जागा आणि कपाटाच्या मागची भिंत हाताने चाचपा. नुकताच रंग मारलेला असेल तर जास्तच नीट बघा. ताज्या रंगाखाली ओल दिसत नाही, पण हाताला गार लागते आणि पापुद्रा किंचित फुगलेला असतो. पश्चिमेची खिडकी असेल तर तिच्या खालच्या कडेला पाण्याचे ओघळ आहेत का ते पाहा.

बाकीचं भराभर: लिफ्टला जनरेटर आहे का, दुचाकी लावायला ठरलेली जागा आहे का, मोबाइलची रेंज बेडरूममध्ये येते का, पाइप गॅस आहे का, इंटरनेटवाले कोण येतात, बॅचलर-कुटुंब-पाळीव प्राणी याबद्दल सोसायटीचे काय नियम आहेत.

पैसे आणि कागद

घर प्रत्यक्ष न बघता एक रुपयाही देऊ नका. ‘मी बाहेरगावी आहे, क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे परत येतील’ असं सांगणारा मालक खरा नसतो. पैसे यायला कोड स्कॅन करावा लागत नाही. मालकी तपासायला सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) प्रत, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) किंवा मालमत्ता कराचं बिल, आणि विजेचं बिल मागा. नावं जुळली पाहिजेत. मालक परदेशात असून दुसरं कोणी सही करणार असेल तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र बघा.

‘हेवी डिपॉझिट’ म्हणजे भाडं शून्य किंवा नाममात्र आणि डिपॉझिट दहा-पंधरा लाख. ऐकायला छान, पण मालकाने ती रक्कम वापरून टाकली तर घर सोडताना तुमचे पैसे पुढचा भाडेकरू येईपर्यंत अडकतात. कामाजवळ राहायला जाणाऱ्याला गरज पडेल तेव्हा निघता यायला हवं. त्यामुळे हा मार्ग नकोच.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: करारातल्या सगळ्या भाड्याची बेरीज, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या एकूण रकमेवर. वरच्या उदाहरणात ३,५२,००० अधिक १३,७५०, म्हणजे ३,६५,७५० वर सुमारे ९१५ रुपये. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो आणि त्याची फी वेगळी असते. तो एकूण आकडा सांगेल तेव्हा सरकारी शुल्क किती आणि फी किती हे वेगवेगळं लिहून घ्या.

मसुदा अंगठा देण्याच्या आदल्या दिवशी मागवा आणि चार कलमं वाचा. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचं आहे: तीनपेक्षा जास्त असेल तर बोलून कमी करा, नोकरी कधी बदलेल सांगता येत नाही. नोटीस एक महिन्याची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी. घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का, आणि किती. गळती, गीझर, जुनी वायरिंग यांची दुरुस्ती कोणाकडे. तोंडी ठरलेलं सगळं कागदावर येऊ द्या. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि करारात व्यवहार क्रमांक लिहा. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायचं काम मालकाचं असतं, पण पोचपावतीची प्रत मागून ठेवा.

जुनं घर भाड्याने देताना

इथे तुम्ही मालक आहात, म्हणून नोंदणीची जबाबदारी तुमच्यावर. ओळखीचा माणूस आहे म्हणून करार टाळू नका. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. करार असेल तर मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून कलम २४ नुसार दुप्पट शुल्क मागता येतं. सोसायटी ना-वापर शुल्क जास्तीत जास्त सेवा शुल्काच्या १० टक्के घेऊ शकते, आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. बिलात यापेक्षा जास्त लावलं असेल तर लेखी हरकत घ्या. आणि एक कळकळीची सूचना: नवं घर लगेच जमेल की नाही याची खात्री होईपर्यंत, शक्य असेल तर पहिला महिना-दीड महिना जुनं घर रिकामंच ठेवा. त्या महिन्याचं भाडं बुडालं तरी, परत यायला घरच नसण्याच्या धास्तीपेक्षा ते स्वस्त पडतं.

शाळा असेल तर तारीख शाळा ठरवते

मुलं शाळेत असतील तर घरबदल एप्रिल-मेमध्येच. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, पण चांगल्या शाळांतल्या जागा त्याच्या कितीतरी आधी भरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीतच नव्या परिसरातल्या शाळांत चौकशी करा, आणि नव्या शाळेने प्रवेश लेखी मान्य केल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका. आईवडील सोबत असतील तर त्यांचा दवाखाना, देऊळ, संध्याकाळी बसायचा कट्टा नव्या जागी चालत जाता येईल इतका जवळ आहे का, हे त्यांना सोबत नेऊनच ठरवा. तुमचे रोजचे दोन तास वाचावेत म्हणून त्यांचा अख्खा दिवस चार भिंतींत जाऊ नये.

सामान हलवण्याचा दिवस

वन बीएचकेला मोठा टेम्पो एका फेरीत पुरतो. छोट्या हत्तीने दोन फेऱ्या होतात आणि वाहतूक कोंडीत दुसरी फेरी रात्रीवर जाते. दोन्ही सोसायट्यांना तीन-चार दिवस आधी पत्र द्या. लिफ्ट कोणत्या वेळेत वापरू देतात ते विचारा. अनेक ठिकाणी रविवारी सामान हलवू देत नाहीत. मजुरीचा दर मजल्यासकट लिहून घ्या, नाहीतर खाली गाडी उभी राहिल्यावर ‘लिफ्टमध्ये कपाट मावत नाही’ म्हणून पैसे वाढतात. कपाटाची उंची आणि लिफ्टच्या दाराची उंची आधीच मोजा.

पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठ्या खोक्याचा तळ फाटतो. फ्रिज आदल्या रात्री बंद करून रिकामा करा, उभाच न्या, आणि नव्या घरी तीन-चार तास तसाच उभा ठेवून मग चालू करा. आडवा नेला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट नेताना लावा आणि चालवण्याआधी काढा. विसरलात तर मशीन घरभर नाचतं. एसी काढताना गॅस युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा, नाहीतर नव्या घरी गॅस भरायचा खर्च येतो.

चावी हातात आली की सामान आत येण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, नळ, फुटलेली फरशी, विजेच्या मीटरचा आकडा. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं याचा वाद त्यावरच मिटतो.

नंतरचा महिना

गॅस एजन्सीत जाऊन विचारा: त्याच शहरात बदली असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर जमा न करता नोंद बदलते. शहर बदलत असेल तर ते जमा करून ट्रान्सफर व्हाउचर आणि डिपॉझिट घ्यायचं आणि नव्या एजन्सीत दाखवायचं. आधारचा पत्ता नोंदणीकृत करारावर बदलता येतो. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा. एका वर्षासाठीच राहणार असाल तर रेशनकार्डाला हात लावू नका. विजेचं बिल मालकाच्याच नावावर राहतं, फक्त मागची थकबाकी शून्य आहे याची पावती घ्या. रेल्वेचा त्रैमासिक पास घरबदलाच्या आधीच्या तिमाहीत काढू नका, मासिकच काढा.

महिन्यानंतर पुन्हा दहा दिवस तीच सहा रकान्यांची नोंद करा. आधीच्या कागदाशेजारी ठेवा. आणि करार संपायच्या दोन महिने आधी मालकाशी नूतनीकरणाचं बोला: भाडंवाढ किती टक्के हे पहिल्याच करारात लिहिलेलं असेल तर हे बोलणं पाच मिनिटांत होतं. दलाल नूतनीकरणाची दलाली मागतो, ती द्यायची की नाही हेही पहिल्याच दिवशी, टोकन देताना ठरवून घ्या.